बारा पॉइंट सात

"वाइडबँड कुठला घेऊ?" हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात सात-आठ जणांनी तरी विचारला असेल. ऑफिसातल्या एकाने तर स्टँडअप संपल्या संपल्या कोपऱ्यात गाठून विचारलं. प्रत्येकाला मी "लिहितो रे कधीतरी" म्हणून कटवलं. आज शनिवार आहे, प्रॉडक्शनला काही पेटलेलं नाही, चहा झालाय. तेव्हा लिहूनच टाकतो. उत्तर सोपं आहे. पण ते मला एका पिस्टनच्या किमतीत मिळालंय, त्यामुळे जरा लांबण लागेल. आधीच सांगून ठेवतो.

ज्यांना गाडी म्हणजे चावी फिरवली की चालते एवढंच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण अचूक जमलं तर त्याला 'लॅम्डा १' म्हणतात. हवा कमी पडली तर मिश्रण रिच, जास्त झाली तर लीन. आरामात चालवताना गाडीला लॅम्डा १ बरा, पण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनाला थोडं रिच लागतं, १२.५ ते १३ च्या आसपास. त्याने ताकदही मिळते आणि आत थंडावाही राहतो. त्या वेळी मिश्रण लीन राहिलं आणि इग्निशनचं टायमिंगही पुढे ओढलेलं असलं, तर इंजिन आतून मार खायला लागतं.

आता हे मोजायचं कसं? पेट्रोल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. बॉशने तो १९७६ मध्ये आणला आणि अमेरिकेत जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांत तो पहिल्यांदा बसला. ज्या नर्न्स्ट साहेबांच्या समीकरणावर तो चालतो (बारावीच्या केमिस्ट्रीत आपण ते पाठ केलं आणि विसरलो), त्यांना १९२० चं केमिस्ट्रीचं नोबेल आहे. हा झाला नॅरोबँड. तो शून्य ते एक व्होल्ट देतो आणि लॅम्डा १ पाशी धाडकन उडी मारतो. म्हणजे तो फक्त 'रिच' किंवा 'लीन' एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर नॅरोबँड म्हणजे बूलियन आणि वाइडबँड म्हणजे फ्लोट.

वाइडबँडची युक्ती मला फार आवडते. सेन्सरच्या पोटात एक इवलीशी खोली असते. तिच्यात एक्झॉस्टचा वायू झिरपतो. एक छोटा पंप त्या खोलीतला ऑक्सिजन बाहेर काढतो किंवा आत ढकलतो, आणि खोलीत कायम लॅम्डा १ राहील असं बघतो. त्यासाठी पंपाला किती करंट द्यावा लागला, त्यावरून बाहेरचं मिश्रण कळतं. हे सगळं सेन्सरचा हीटर त्याला साडेसातशे-पावणेआठशे डिग्रीला धरून ठेवतो तेव्हाच जमतं. म्हणून नुसता सेन्सर आणून उपयोग नसतो. हीटर आणि पंप सांभाळणारा, करंटचा आकडा करून देणारा एक कंट्रोलर लागतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर झालं असं. माझे मामा कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात गॅरेज चालवतात. ज्यांना उद्यमनगर माहीत नाही त्यांनी एकदा जाऊन यावं. एका गल्लीत कास्टिंग, दुसरीत बोअरिंग, तिसरीत क्रँक ग्राइंडिंग. बंद पडलेलं इंजिन एका टोकाने आत घातलं तर दुसऱ्या टोकाने चालू होऊन बाहेर येईल अशी ती जागा आहे. २०२२ मध्ये मी मामांच्याच एका गिऱ्हाइकाकडून २००४ ची मारुती एस्टीम घेतली. १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, वजनाला हलकी. घरच्यांना "प्रोजेक्ट आहे" असं सांगितलं. घरच्यांनी "कुठल्या क्लायंटचा?" असं विचारलं :)

२०२३ मध्ये मामांनी त्याचं इंजिन स्वतःच्या हाताने बांधलं. हेड थोडं उतरवून कॉम्प्रेशन वाढवलं, व्हॉल्व्ह बसवले, एकेक क्लिअरन्स दोनदा मोजला. गॅरेजच्या कामातून वेळ काढून रविवारी करत होते, त्यामुळे चार महिने लागले. मी वर स्पीडुइनो बसवला. हा ओपन सोर्स ईसीयू आहे, आर्डुइनोवर चालतो, म्हणजे माझ्यासारख्याला खेळायला रान मोकळं. अशी गाडी रस्त्यावर चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, म्हणून ती टेम्पोवर चढूनच बाहेर पडते. आम्हाला ती मैदानात शंकू लावून फिरवायची होती, बस्स.

ईसीयू ट्यून करायचा तर वाइडबँड हवाच. मी दोन आठवडे रात्र रात्र वाचून काढलं, एक्सेल शीट केली. किंमत, वजन, वॉरंटी, सगळे कॉलम. मामांनी एकदा शीटमध्ये डोकावून विचारलं, "प्लग बघून कळत न्हाई व्हय रे?" त्यावर मी जे बोललो ते आजही आठवलं की कान गरम होतात. मी म्हणालो, "मामा, प्लग बघून ट्यूनिंग करायचे दिवस गेले आता." मामा काही बोलले नाहीत. स्पॅनर पुसत राहिले.

शीटमध्ये शेवटी दोन उमेदवार उरले. दोन्हींत सेन्सर एकच, बॉशचा एलएसयू ४.९. एकाला डायलमध्ये डिस्प्ले होता. दुसरा म्हणजे नुसता काळा डबा, शून्य ते पाच व्होल्टची एक वायर बाहेर आलेली. शून्य व्होल्ट म्हणजे १०, पाच व्होल्ट म्हणजे २०, मधलं सगळं सरळ रेषेत. मी हिशेब केला, आकडा लॅपटॉपवर दिसणारच आहे, तर डिस्प्लेचे पैसे कशाला घालवायचे? काळा डबा घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात तिची काहीच चूक नव्हती.

मे २०२४. कोल्हापूरबाहेर मामांच्या ओळखीतल्या एका बंद कारखान्याचं आवार मिळालं. दिवसा उभं राहवत नव्हतं म्हणून संध्याकाळी गेलो. हेडलाइट लावलेले, रेडिएटरचा फॅन चालू, ब्लोअर चालू. शेजारच्या सीटवर लॅपटॉप, त्यावर ऑटोट्यून. यात आपण फक्त टार्गेट द्यायचं, सॉफ्टवेअर सेन्सरचा आकडा बघून पेट्रोलचा नकाशा स्वतः दुरुस्त करतं. मी फुल थ्रॉटलला १२.७ दिलं. पाच-सहा रन झाले. आकडे सुरुवातीला ११.८, मग १२.३, मग बरोब्बर १२.७. इतकं समाधान मला कुठल्याच रिलीजनंतर मिळालेलं नाही. त्या भरात इग्निशनचं टायमिंगही दोन डिग्री पुढे ओढलं. मिश्रण सेफ आहे म्हटल्यावर काय बिघडतंय!

तेवढ्यात मामा हात हलवत आले. "थांब थांब. डब्यात खडे हलवल्यागत आवाज येतोय की."

मी लॅपटॉप फिरवून दाखवला. "मामा, बघा ना, बारा पॉइंट सात. एकदम सेफ आहे."

"तुझा लॉग मला ऐकू येत न्हाई. इंजन ऐकू येतंय."

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने गाडी बंद केली असती. मी म्हणालो, "एकच शेवटचा रन मामा." दुसऱ्या गिअरमध्ये लाल रेषेपर्यंत नेली, सोडली, वळवली, आणि आरशात निळा धूर दिसला.

टॉर्चच्या उजेडात मामांनी चारही प्लग काढून बॉनेटवर ओळीने ठेवले. चारही पांढरेफटक. तिसऱ्याच्या पोर्सलीनवर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक ठिपके होते, काही काळे, काही चमकणारे. "चमकतंय ते पिस्टनचं ॲल्युमिनिअम," मामा म्हणाले. कॉम्प्रेशन गेज लावला. तीन सिलिंडर १८० पीएसआयच्या आसपास, तिसरा १०५. दोन रिंगांमधली पिस्टनची कड तुटली होती, हे इंजिन उघडल्यावर दिसलं. मामा मला एक शब्द बोलले नाहीत. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री मामींनी केलेला तांबडा रस्सा समोर होता आणि माझं जेवणात लक्ष नव्हतं. बारा पॉइंट सात असताना प्लग पांढरे कसे? दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय. प्लगला खोटं बोलायला काही कारण नाही. मग सगळे झोपल्यावर लॅपटॉप उघडून लॉग पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. जे काम मी मैदानात जायच्या आधी करायला हवं होतं, ते.

अडीचच्या सुमाराला सापडलं. वेगात असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की ईसीयू पेट्रोल बंद करतो. म्हणजे एक्झॉस्टमधून नुसती हवा बाहेर पडते. नुसती हवा म्हणजे लीनची हद्द. कंट्रोलरने पाच व्होल्ट दिले पाहिजेत, आणि लॉगमध्ये आकडा २० ला जाऊन चिकटला पाहिजे. माझ्या लॉगमध्ये तो प्रत्येक वेळी १९ ला चिकटत होता. सहाच्या सहा रनमध्ये. सपाट, स्वच्छ, १९.०. मी ती रेष पन्नास वेळा बघितली होती आणि एकदाही विचारलं नव्हतं की ही वीसवर का जात नाही.

एक पूर्णांकाचा फरक म्हणजे अर्धा व्होल्ट कुठेतरी हरवत होता. म्हणजे लॉगमधलं १२.७ हे प्रत्यक्षात १३.७ होतं. ऑटोट्यूनने इमानेइतबारे माझं पेट्रोल कापत नेलं, मी दिलेलं टार्गेट गाठेपर्यंत. बिचाऱ्याने त्याचं काम चोख केलं.

सकाळी मामांना उठल्या उठल्या सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवून एकच प्रश्न विचारला, "अर्थिंग कुठं दिलंयस?"

ईसीयूचं अर्थिंग बॉडीला होतं. वाइडबँडचं मी इंजिन ब्लॉकला दिलं होतं, कारण 'ब्लॉकचं अर्थिंग सगळ्यात चांगलं' असं कुठेतरी वाचलेलं. तसं ते असतंही. फक्त इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी पट्टी धड असली पाहिजे. अल्टरनेटर इंजिनावर बसलेला असतो. हेडलाइट, फॅन, ब्लोअर यांचा सगळा करंट बॉडीतून त्या पट्टीवाटेच अल्टरनेटरकडे परत येतो. पट्टीच्या बोल्टखाली हिरवट गंज चढलेला. मल्टिमीटरचं एक टोक ब्लॉकला, दुसरं बॉडीला लावलं. सगळं बंद असताना काहीच नाही. गाडी दुसऱ्या बॅटरीने मागेपुढे करून तीन सिलिंडरवर कशीबशी चालू केली, लाइट, फॅन, ब्लोअर लावले, तर ०.४८ व्होल्ट. म्हणजे वाइडबँडचा शून्य हा ईसीयूच्या शून्यापेक्षा अर्धा व्होल्ट खाली होता. दोघेही खरं बोलत होते, पण दोघांची फूटपट्टी वेगळ्या जागेपासून सुरू होत होती.

"पट्टी मीच जुनी बसवली हुती," मामा म्हणाले. "इंजन नवं बांधलं आन् पट्टी जुनी. माझंबी चुकलं." मला वाटतं, त्या दोन दिवसांत मला सगळ्यात जास्त लाज या वाक्याची वाटली.

असो. आता मूळ प्रश्न, कुठला घ्यायचा?

पहिली गोष्ट, तुम्ही सेन्सर निवडतच नसता. बाजारातल्या बहुतेक किटमध्ये सेन्सर बॉशचा एलएसयू ४.९ च असतो. जुना ४.२ अजून कुठे स्वस्तात दिसला तर सोडून द्या. तो तुलनेसाठी बाहेरची हवा वापरतो, ती खराब झाली की आकडा सरकतो, आणि त्याला अधूनमधून मोकळ्या हवेत कॅलिब्रेट करावं लागतं. ४.९ स्वतःचा संदर्भ स्वतः तयार करतो. सेन्सरच्या कनेक्टरमध्ये त्या त्या सेन्सरसाठी कारखान्यात जुळवलेला रेझिस्टर असतो, त्यामुळे वायर लांब करायची म्हणून कनेक्टर कापू नका. आणि निम्म्या किमतीतला 'ओरिजिनल' सेन्सर हा ओरिजिनल नसतो, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट, तुम्ही निवडता तो कंट्रोलर. त्यातही खरं तर आकडा ईसीयूपर्यंत कुठल्या वाटेने जाणार ते निवडता. ईसीयूला कॅन असेल तर कॅन आउटपुटवाला घ्या. एईएमची एक्स सिरीज किंवा स्पार्टन ३ मध्ये ती सोय आहे. तिथे आकडा आकडा म्हणूनच जातो, वाटेत अर्धा व्होल्ट गळत नाही. कॅन नसेल आणि ॲनालॉग वायरच वापरायची असेल, तर सिग्नलचं अर्थिंग हीटरच्या अर्थिंगपासून वेगळं काढलेला कंट्रोलर बघा. ते वेगळं अर्थिंग ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडलाच जोडा. आणि डिस्प्लेवाला घ्या. मी ज्याला चैन समजून वाचवलं, तो दुसरा साक्षीदार होता. समोर डायलवर १३.७ आणि लॅपटॉपवर १२.७ दिसलं असतं तर मी पहिल्याच रनला थांबलो असतो.

तिसरी गोष्ट, आकडे लॅम्डामध्ये बघायची सवय लावा. आपल्याकडे २०२५ पर्यंत पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत गेलं. इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे ई२० चं बरोबर प्रमाण १४.७ नसून साधारण १३.५ आहे. मग एक मित्र विचारत होता, टार्गेट १३.५ करू का? नको रे बाबा. सेन्सरला पेट्रोल कुठलं ते कळतच नाही, तो लॅम्डा मोजतो. डिस्प्ले त्याला १४.७ ने गुणून दाखवतो इतकंच. टाकीत काहीही असो, १४.७ दिसलं म्हणजे लॅम्डा १. तिथे १३.५ ठेवलंस तर लॅम्डा ०.९२ होईल आणि पेट्रोल उगाच जाईल. लॅम्डा लावला की हा गोंधळच मिटतो.

चौथी, बसवायची जागा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, टर्बो असेल तर टर्बोच्या पुढे. पाइपला आडव्यापासून निदान १० डिग्री वर कललेला बसवा, खालून नको. नाहीतर पाइपात साचलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर पडून त्याला तडा जातो. त्याच कारणाने हीटर इंजिन चालू झाल्यावरच चालू व्हायला हवा. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट कुठे गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आकडा खोटाच लीन दिसतो. मिसफायरचंही तसंच. न जळलेल्या पेट्रोलबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर येतो, आणि सेन्सर फक्त ऑक्सिजन बघतो. साधा सिलिकॉन सीलंट मात्र जवळपास वापरू नका, त्याची वाफ सेन्सरला विषासारखी आहे.

आणि पाचवी, जी कुठल्याच एक्सेल शीटच्या कॉलममध्ये येत नाही. ट्यूनिंगला हात लावायच्या आधी ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे असा एक प्रश्न सेन्सरला विचारा. मोकळी हवा हा तसा प्रश्न आहे. लाइट, फॅन, ब्लोअर सगळं लावून विचारा. उत्तर चुकलं तर पुढच्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवू नका. कुठलीही सिस्टीम लाइव्ह करायच्या आधी आपण स्मोक टेस्ट करतो. इथे मी ती केली नाही आणि शेवटी धूरच बघितला.

प्लग बघून १२.७ आणि १३.० मधला फरक कुणालाच सांगता येणार नाही, मामांनाही नाही. ते स्वतःच तसं म्हणतात. वाइडबँड हवाच. पण प्लग पांढरा असताना सेन्सर १२.७ म्हणत असेल, तर त्या क्षणी गाडी बंद करायची, एवढं मात्र आता मला कळतं.

चारही सिलिंडर उद्यमनगरातच बोअर झाले, ०.५० ओव्हरसाइज पिस्टन बसले. मामांनी पिस्टन, रिंगा आणि बोअरिंगचे पैसे माझ्याकडून पै-पैसा मोजून घेतले, मजुरीचा विषय काढू दिला नाही. नवी तांब्याची पट्टी आली, सगळी अर्थिंग एका जागी आणली, डिस्प्लेवाला कंट्रोलर आला. दिवाळीनंतर गाडी परत त्याच आवारात उतरली. पहिल्या रनला ॲक्सिलरेटर सोडल्यावर आकडा २० ला चिकटला. डायलवर जे होतं तेच लॅपटॉपवर होतं. प्लग काढले तर फिकट बिस्किटी रंगाचे.

एक बदल मी सॉफ्टवेअरमध्येही केलाय. पेट्रोल बंद असताना लॉगचा आकडा १९.८ च्या खाली दिसला तर स्क्रीनवर एक लाल दिवा लागतो. त्या दिव्याला नाव द्यावं लागतं, म्हणून 'मामा' दिलंय. परवा मामांनी ते वाचलं. "लागला कधी तर काय करायचं?" म्हणाले.

"गाडी बंद करायची, मामा."

"आन् शेवटचा रन?"

"नाही मारायचा."